तांब्याचा देश आणि समुद्राची वाट

डिसेंबर 1965 च्या अखेरीस लुसाकाच्या विमानतळावर ब्रिटिश हवाई दलाची ब्रिटानिया विमाने एकामागून एक उतरू लागली. त्यांच्यात ना सैनिक होते ना पाहुणे. होती ती पेट्रोल-डिझेलने भरलेली, प्रत्येकी दोनशे लिटरची पिंपे. ती दारेसलामला चढवायची, हजार-दीड हजार किलोमीटर उडवून आणायची, रिकामी करायची आणि परत न्यायची. कॅनडाची हर्क्युलिस विमाने लिओपोल्डव्हिलहून, म्हणजे आजच्या किन्शासाहून, याच कामाला लागली. अमेरिकी कंपन्यांची बोइंग विमाने काँगोतल्या एलिझाबेथव्हिलपर्यंत इंधन आणून टाकत होती. ज्या देशासाठी हा सगळा खटाटोप चालला होता तो झांबिया काही भिकेला लागलेला नव्हता. जगातल्या सर्वांत मोठ्या तांबे उत्पादक देशांत त्याची गणना होत होती आणि त्याला स्वतंत्र होऊन जेमतेम 14 महिने झाले होते.

झांबियाच्या व्यापाराचा इतिहास बहुतेक जण तांब्याचा इतिहास म्हणून सांगतात. किती टन निघाले, लंडनच्या धातुबाजारात भाव काय होता, खाणी कुणाच्या होत्या, असे सगळे निर्यातीच्या बाजूने. 1965 ते 1980 ही पंधरा वर्षे मात्र आयातीच्या बाजूने वाचली तरच नीट उलगडतात. तांबे महिनाभर यार्डात पडून राहिले तर नुकसान होते, पण कुणी उपाशी मरत नाही. डिझेल, कोळसा आणि खत महिनाभर आले नाही तर सरकार पडायची वेळ येते. या काळात झांबियाला जिथे जिथे माघार घ्यावी लागली, तिथे कारण जवळजवळ दर वेळी बाहेरून यायच्या मालात सापडते.

या देशाचे दार दक्षिणेकडे उघडते, ही निसर्गाची नव्हे, माणसाची करणी. झांबेझी नदीवर व्हिक्टोरिया धबधब्यासमोर 1905 मध्ये पूल झाला. 1906 मध्ये रूळ ब्रोकन हिलच्या, म्हणजे आजच्या काब्वेच्या, शिसे-जस्ताच्या खाणीपर्यंत पोचले आणि 1909 मध्ये काँगोच्या सीमेला भिडले. त्या वेळी रेल्वेचे लक्ष काँगोतल्या कटांगाच्या तांब्यावर होते. उत्तर ऱ्होडेशिया, म्हणजे पुढचा झांबिया, हा मधे लागणारा मुलूख. त्याच्याही पोटात किती तांबे आहे ते 1920 च्या दशकात खोल भोके पाडल्यावर कळले. विल्यम कॉलियर नावाच्या माणसाने 1902 मध्ये एक रोन हरीण मारले, ते ज्या खडकावर कोसळले त्यावर तांब्याचा हिरवा डाग होता, आणि म्हणून लुआन्शाच्या खाणीचे नाव रोन अँटेलोप पडले, अशी कथा सांगतात. अशा कथा खाणीला भांडवल मिळवून देतात. तपशील कितपत खरे, हा प्रश्न वेगळा. 1930 च्या दशकात रोन अँटेलोप, न्काना, मुफुलिरा आणि न्चांगा या खाणी उभ्या राहिल्या. दोन कंपन्यांच्या हाती सगळा कारभार होता: अँग्लो अमेरिकन आणि ऱ्होडेशियन सिलेक्शन ट्रस्ट.

या खाणींचे तांबे दक्षिण ऱ्होडेशियातून जाऊन पोर्तुगीज मोझांबिकमधल्या बैरा बंदरात जहाजावर चढे. प्रवास दोन हजार किलोमीटरांहून लांबचा. परतीच्या वाघिणींत दक्षिण ऱ्होडेशियातल्या वांकीचा कोळसा येई, कारण तांबे वितळवायच्या भट्ट्या त्याच कोळशावर पेटत. अंगोलातून अटलांटिककडे, लोबिटो बंदराला जाणारा बेंग्वेला रेल्वेचा रस्ता युरोपसाठी जवळचा होता. पण खाणकंपन्या आणि दक्षिणेची रेल्वे यांच्यातल्या भाड्याच्या करारांनी बराच काळ तांबे बैराकडेच वळवून ठेवले. 1953 ते 1963 या दहा वर्षांत तर दोन्ही ऱ्होडेशिया आणि न्यासालँड मिळून एक संघराज्यच झाले. तांब्याचा कर दक्षिण ऱ्होडेशियाच्या राजधानीच्या, सॉल्झबरीच्या, तिजोरीत जाऊ लागला. संघराज्याने झांबेझीवर कारिबा धरण बांधले, पण वीजघर बांधले ते दक्षिण तीरावर. धरणाची भिंत दोन्ही काठांना टेकलेली, आणि विजेची कळ एकाच काठावर! 1964 मध्ये नदीच्या मधोमध आंतरराष्ट्रीय सीमा उभी राहिली, तेव्हा झांबियाच्या खाणींची वीजही परदेशातून येणारा माल ठरली.

जमिनीखालची मालकी हा त्याहून अजब प्रकार. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश साउथ आफ्रिका कंपनीने आफ्रिकी राजांशी तह केले होते आणि त्यांच्या आधारावर उत्तर ऱ्होडेशियातल्या प्रत्येक टन तांब्यावर ती स्वामित्वशुल्क घेत होती. कॉपरबेल्टचा, म्हणजे या तांब्याच्या खाणींचा, प्रदेश त्या राजांच्या सत्तेखाली कधी होता तरी का, असा सवाल नव्या सरकारने पुराव्यांसह विचारला. कंपनीला भलीमोठी भरपाई हवी होती. 24 ऑक्टोबर 1964 च्या स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर ती 40 लाख पौंडांवर राजी झाली. निम्मे ब्रिटनने दिले, निम्मे झांबियाने. राष्ट्राध्यक्ष केनेथ कौंडांच्या सरकारचा हा पहिला मोठा सौदा, आणि माझ्या मते त्या पंधरा वर्षांतला सर्वांत स्वस्तातला.

हाती आलेल्या देशाची स्थिती अशी: निर्यातीच्या उत्पन्नातले 90 टक्क्यांहून अधिक तांब्याचे. पदवीधर नागरिक शंभराच्या आसपास. आयातीतला सुमारे एक-तृतीयांश माल दक्षिण ऱ्होडेशियातून येणारा, आणि त्याखालोखाल बराचसा दक्षिण आफ्रिकेतून. खाणीचे सुटे भाग, कापड, साबण, बूट, बिस्किटे, सगळे दक्षिणेहून यायचे. लिव्हिंग्स्टन आणि लुसाकातल्या, तशाच पूर्वेच्या फोर्ट जेमसनमधल्या (आजचे चिपाटा) गुजराती दुकानदारांचे माल मागवायचे पत्तेही बुलावायो आणि सॉल्झबरीचे होते.

11 नोव्हेंबर 1965 रोजी इयन स्मिथच्या गोऱ्या अल्पसंख्य सरकारने ब्रिटनला न जुमानता दक्षिण ऱ्होडेशियाचे, म्हणजे आता नुसत्या ऱ्होडेशियाचे, स्वातंत्र्य जाहीर केले. ब्रिटनने डिसेंबरात ऱ्होडेशियावर तेलबंदी घातली. ऱ्होडेशियाने लगोलग झांबियाचे तेल तोडले, कारण झांबियाचे पेट्रोल उमतालीजवळच्या ऱ्होडेशियन रिफायनरीतून येत होते. शिक्षा ऱ्होडेशियाला करायची होती, पहिला फटका बसला तो शेजाऱ्याला. वांकीच्या कोळशावर टनाला 5 पौंडांचा अधिभार लावून स्मिथ सरकारने आणखी एक हिसका दाखवला. तो पुढे मागे घेतला, पण संदेश पोचायचा तो पोचला. ऱ्होडेशिया काही आठवड्यांत कोसळेल अशी ब्रिटिश पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांची अटकळ होती. ती खरी ठरायला 14 वर्षे लागली आणि मधल्या काळाचे बिल मोठ्या प्रमाणात लुसाकाने भरले.

पेट्रोलचे रेशनिंग सुरू झाले. 1966 चे बरेच महिने विमानांतून पिंपे येत राहिली. त्याचबरोबर कोळशाचा शोध सुरू झाला. न्कांदाब्वे येथे घाईघाईने खाण उघडली, पुढे मांबाची. हा कोळसा राखेने भरलेला, वांकीच्या तोडीचा नव्हे. भट्ट्यांचे कारागीर वैतागले, पण वांकीवरचे अवलंबन कमी झाले. कारिबाच्या उत्तर काठावर आपले वीजघर हवे, काफुए नदीवर आपले धरण हवे, ही कामेही हाती घेतली गेली. यांतले एकही काम निव्वळ नफ्या-तोट्याच्या हिशेबात बसत नव्हते.

मग रस्ता. लुसाकाहून ईशान्येला टांझानियाकडे जाणारा ग्रेट नॉर्थ रोड बहुतांशी कच्चा होता. पावसाळ्यात लाल चिखलात ट्रक चाकांच्या आसापर्यंत रुतत, घाटात उलटत, आणि पेट्रोल भरलेला ट्रक उलटला की पेटत. चालक या मार्गाला नरकाची वाट म्हणू लागले. 1966 मध्ये झांबिया, टांझानिया आणि एक इटालियन कंपनी यांनी मिळून मालवाहतुकीची कंपनी काढली आणि फियाटचे ट्रक रस्त्यावर आले. जाताना तांबे, येताना इंधन. काही काळ तर तांबे चक्क विमानाने गेले. झांबियन एअर कार्गोजची हर्क्युलिस विमाने न्डोलाहून दारेसलामला तांबे नेत आणि परतताना इंधन आणत. विमानाने सोने पाठवल्याचे आपण ऐकतो. तांब्यासारखा जड, टनावारी विकला जाणारा धातू आकाशमार्गे पाठवायची पाळी फार थोड्या देशांवर आली असेल.

या धडपडीतले सर्वांत शहाणपणाचे काम म्हणजे तेलाची नळी. दारेसलाम ते न्डोला, सुमारे 1,700 किलोमीटर. इटालियन अभियंत्यांनी ती टाकली आणि सप्टेंबर 1968 मध्ये तेल वाहू लागले. तेवढ्याने इंधनापुरता स्मिथचा हात झांबियाच्या गळ्यावरून निघाला. रेल्वेच्या कौतुकात ही नळी नेहमी झाकली जाते.

रेल्वेची कहाणी त्याआधी सुरू झाली होती. दारेसलामपर्यंत रूळ टाकावेत, असे कौंडा आणि टांझानियाचे ज्युलियस न्येरेरे यांच्या मनात स्वातंत्र्यापासून होते. जागतिक बँकेने 1964 मध्ये सांगितले, ही रेल्वे परवडणार नाही, रस्ता सुधारा. पाश्चात्त्य सरकारांनी तेच वेगवेगळ्या शब्दांत ऐकवले. फेब्रुवारी 1965 मध्ये न्येरेरे बीजिंगला गेले तेव्हा चीनने तयारी दाखवली. कौंडा सुरुवातीला बिचकत होते. त्यांच्या खाणी पाश्चात्त्य कंपन्यांच्या होत्या, त्यात साम्यवादी चीनची मदत. 1967 मध्ये तेही बीजिंगला गेले आणि 5 सप्टेंबर 1967 रोजी तिन्ही देशांचा करार झाला. पुढे ठरलेली रक्कम 98 कोटी 80 लाख युआन, बिनव्याजी, 30 वर्षांत फेडायची. तेव्हा चीन स्वतः गरीब होता आणि सांस्कृतिक क्रांतीच्या वावटळीत सापडला होता, हे ध्यानात घेतले की या आकड्याचे वजन कळते.

या कर्जाची एक अट फारशी कुणी सांगत नाही, आणि व्यापाराच्या दृष्टीने तीच महत्त्वाची. बांधकामाचा स्थानिक खर्च, म्हणजे मजुरी, लाकूड, सिमेंट, हा चीन रोख पाठवणार नव्हता. त्याऐवजी चिनी माल झांबिया आणि टांझानियात विकायचा आणि त्या विक्रीच्या पैशातून खर्च भागवायचा. दक्षिणेकडचा माल बंद होत असतानाच दुकानांत चिनी कापड आणि घरगुती वस्तू दिसू लागल्या. माल काहीसा ठरवून दिलेला, गिऱ्हाईक नाखूश, दुकानदार कुरकुरणारे. पण रुळांच्या प्रत्येक किलोमीटरमागे असा विकलेला माल होता. कर्ज रेल्वेचे, तरी आधी आली ती आयात.

ऑक्टोबर 1970 मध्ये काम सुरू झाले. एकूण 1,860 किलोमीटर, दारेसलाम ते कापिरी म्पोशी. मार्गाची रुंदी मुद्दाम 3 फूट 6 इंच ठेवली, म्हणजे झांबियाच्या जुन्या रुळांशी जुळावी. पूर्व आफ्रिकेची जुनी रेल्वे मीटरगेज, हिंदुस्थानातून आलेल्या पद्धतीची. तिच्याशी मात्र जुळेना, माल उतरवून चढवावा लागे. टांझानियात म्लिंबा ते माकांबाको हा टप्पा सर्वांत अवघड. डोंगर, दऱ्या, भुसभुशीत माती आणि पाऊस. एकूण मार्गावर तीनशेहून अधिक पूल आणि वीसहून अधिक बोगदे. बोगद्यांपैकी बहुतेक याच पट्ट्यात. हजारो चिनी कामगार आणि त्याहून अधिक आफ्रिकी कामगार राबले. तिथे मेलेले चिनी कामगार दारेसलामजवळ गोंगो ला म्बोटोच्या दफनभूमीत आहेत. जून 1975 मध्ये रूळ पूर्ण झाले, ठरल्या मुदतीच्या आधी. जुलै 1976 मध्ये रेल्वे दोन्ही सरकारांच्या हवाली केली गेली. चिनी डिझेल इंजिने मात्र घाट चढताना दमत. इंजिनांचा प्रश्न पुढे जर्मन इंजिने आल्यावर सुटला.

दरम्यान झांबियाने आपल्याच हाताने दार लावून घेतले होते. झांबियातून येणाऱ्या, गोऱ्या राजवटीविरुद्ध लढणाऱ्या गनिमांमुळे चिडलेल्या स्मिथने 9 जानेवारी 1973 रोजी सीमा बंद केली. तांब्याला मात्र सूट दिली, कारण तांब्याचे भाडे ऱ्होडेशियन रेल्वेला हवे होते. व्यापाऱ्याची नाकेबंदी करायची आणि त्याच्याकडूनच भाडे घ्यायचे, असा हा हिशेब. कौंडांनी सूट नाकारली. तांबेही जाणार नाही, म्हणाले. स्मिथने चूक ओळखून फेब्रुवारीत सीमा पुन्हा उघडली. कौंडांनी आपल्या बाजूची उघडली नाही.

त्या क्षणी हा निर्णय धाडसाचा होता आणि परवडणाराही वाटत होता. तांब्याचा भाव चढत होता. 1969 मध्ये उत्पादन सात लाख टनांपुढे गेले होते. सप्टेंबर 1970 मध्ये मुफुलिराच्या खाणीत गाळ घुसून 89 कामगार मेले आणि तो जोम ओसरला, तरी खाणी चालू होत्या. एप्रिल 1974 मध्ये लंडनला टनाला 1,400 पौंडांचा उच्चांक झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस भाव 600 च्या खाली आला. तेलाचे भाव चौपट झाले होते. बेंग्वेला रेल्वे ऑगस्ट 1975 मध्ये अंगोलाच्या यादवी युद्धात बंद पडली. दक्षिणेचे दार आपण बंद केलेले, पश्चिमेचे दुसऱ्याने. उरली एकटी नवी रेल्वे आणि तिच्या टोकाला दारेसलामचा धक्का, जिथे आधीच जहाजे रांगेत उभी होती. तांबे उत्पादक देशांनी 1967 मध्ये लुसाकातच भरवलेल्या परिषदेतून संघटना काढली होती, पण तिला भाव सावरता आला नाही. खाणींमध्ये 51 टक्के हिस्सा सरकारने घेतला होता. 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात काही वर्षे खाणींकडून तिजोरीत जवळपास काहीच आले नाही. मालकी आली आणि मिळकत गेली.

ऑगस्ट 1975 मध्ये कौंडा, दक्षिण आफ्रिकेचे योहान फोर्स्टर, स्मिथ आणि ऱ्होडेशियातले आफ्रिकी नेते व्हिक्टोरिया धबधब्याच्या पुलावर मधोमध उभ्या केलेल्या रेल्वेच्या डब्यात वाटाघाटींना बसले. तोडगा निघाला नाही. झांबियाची आयात-निर्यात ज्या पुलावरून गेली असती, त्यावर बोलणी तेवढी झाली.

पुढची तीन वर्षे दुकानांत तेल, साबण, मीठ यांची टंचाई नेहमीची झाली. दक्षिण आफ्रिकेचा माल पूर्ण थांबलाच नव्हता. तो बोत्सवानाहून कझुंगुलाच्या तराफ्यावरून, वळसा घालून येत होता. वळशाचे भाडे गिऱ्हाइकाच्या माथी. दारेसलामला झांबियाचा माल साचत गेला. 1978 च्या उन्हाळ्यापर्यंत त्या साचलेल्या मालात एक असा जिन्नस होता, ज्याला थांबायला वेळ नव्हता. तो म्हणजे रासायनिक खत. झांबियाचे मुख्य अन्न मका. पाऊस नोव्हेंबरात सुरू होतो. खत ऑक्टोबरात शेतावर पोचले नाही तर पुढच्या वर्षी पीक नाही, पीक नाही तर मका विकत आणायला परकीय चलन नाही. त्यात डिसेंबरात निवडणूक.

6 ऑक्टोबर 1978 रोजी कौंडांनी दक्षिणेची रेल्वे पुन्हा सुरू करण्याची घोषणा केली. न्येरेरे आणि मोझांबिकचे समोरा माशेल यांना हे रुचले नाही. मोझांबिकने ऱ्होडेशियाशी सीमा बंद करून स्वतःचे बंदर बुडवले होते. खताच्या वाघिणी दक्षिणेकडून येऊ लागल्या. पंधरवडा उलटायच्या आत, 19 ऑक्टोबरला, ऱ्होडेशियाच्या विमानांनी लुसाकाजवळच्या गनिमांच्या छावणीवर बॉम्ब टाकले, आणि लुसाकाच्या नियंत्रण कक्षाला रेडिओवरून दटावून तिथली विमाने खिळवून ठेवली. गाड्या तरीही चालू राहिल्या. ज्याचे बॉम्ब झेलायचे त्याच्याच रुळांवरून खत आणायचे, हा कौंडांचा नाइलाज त्यांचे टीकाकार अजून नीट समजून घेत नाहीत. मला तो शरणागतीचा वाटत नाही. पेरणी थांबवता येत नव्हती.

ऱ्होडेशियनांनीही हे ओळखले होते. 12 ऑक्टोबर 1979 रोजी त्यांच्या तुकडीने चांबेशी नदीवरचे टाझाराचे, म्हणजे दारेसलामच्या नव्या रेल्वेचे, पूल उडवले, म्हणजे उत्तरेची वाट तुटली. पुढच्या महिन्यात दक्षिणेकडून येणारा मका अडवला गेला. लंडनमध्ये ऱ्होडेशियाच्या भवितव्याची बोलणी चालू असताना झांबियावर दाबण्याची कळ पुन्हा तीच होती: आयात. एप्रिल 1980 मध्ये झिंबाब्वे स्वतंत्र झाला आणि दक्षिणेची वाट मोकळी झाली. तोवर झांबिया कर्जात बुडाला होता.

पुढचा उतार संथ आणि लांब आहे. सुटे भाग आणायला चलन नाही, म्हणून खाणी खंगल्या. खाणी खंगल्या, म्हणून चलन नाही. 2000 च्या सुमारास उत्पादन अडीच लाख टनांच्या आसपास उतरले. खाणी विकल्या गेल्या. मुंबईत भंगार धातूच्या व्यापारातून वर आलेल्या अनिल अग्रवाल यांच्या वेदांताने 2004 मध्ये कोंकोलाच्या खाणींत 51 टक्के हिस्सा घेतला. टाझारा कधीच आपल्या क्षमतेइतका माल वाहू शकली नाही. सप्टेंबर 2024 मध्ये तिच्या पुनरुज्जीवनासाठी बीजिंगमध्ये सामंजस्य करार झाला, आणि त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष बायडेन अंगोलातल्या लोबिटोला जाऊन पश्चिमेच्या वाटेची तरफदारी करून आले. चर्चा अर्थात तांब्याची. 1968 ची ती तेलाची नळी मात्र अजून वापरात आहे: न्डोलाच्या रिफायनरीला कच्चे तेल पुरवणे बंद करून, आता तिच्यातून झांबियाला तयार डिझेल येते.